नाण्यावरचं साल दोनदा ठोकलंय का? नवशिक्यांसाठी तपासणीची पद्धत

जुनं तांब्याचं किंवा चांदीचं नाणं भिंगाखाली धरलं की कधी कधी सालाच्या आकड्याला चिकटून एक जादाची रेघ दिसते. एकच्या पायाखाली दुसरा पाय, आठच्या पोटात बारीकशी कमान, सातच्या आडव्या दांडीवर आणखी एक दांडी. नवखा संग्राहक लगेच ‘एरर सापडली’ म्हणून मोकळा होतो. पण त्या रेघेची पाच-सहा कारणं असू शकतात आणि त्यातली बहुतेक अगदी मामुली असतात. ती रेघ नेमकी कुठून आली हे कसं ठरवायचं, तेवढंच इथे सांगतो.

एक खुलासा आधीच करतो. वर्षं मराठी आकड्यांत लिहिली आहेत, पण आकाराबद्दल बोलताना नाण्यावरचे इंग्रजी आकडे डोळ्यांसमोर ठेवा. ‘आठचं पोट’ म्हणजे इंग्रजी आठच्या गोलांमधली पोकळी. आणि १८८८/७ असं तिरकी रेघ देऊन लिहिलं असेल, तर शेवटचा आठ हा सातावर ठोकलेला आहे असं वाचायचं.

सुरुवात टाकसाळीपासून

भिंग उचलण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्या वर्षी, त्या टाकसाळीत साल डायवर कसं उमटवत होते? याचं उत्तर नसेल तर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते.

नाणं पाडतात ते पोलादी डायने. डायवर चित्र उलटं आणि खोलगट असतं. डायवर जे खोल, ते नाण्यावर उंच. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. मुख्य चित्र डायवर हबने दाबून उतरवत. हब म्हणजे नाण्यासारखंच सुलटं, उठावाचं चित्र असलेला पोलादी ठोकळा. साल दरवर्षी बदलणार, म्हणून ते हबवर ठेवतच नसत. तोच हब वर्षानुवर्षं वापरायचा आणि प्रत्येक तयार डायवर कारागिराने हाताने साल ठोकायचं, अशी रीत होती. मऊ असलेल्या डायवर पंच (टोकाला आकडा कोरलेला पोलादी दांडा) टेकवायचा, वरून हातोडीचा घाव घालायचा, मग डाय तापवून कडक करायची. एकदा कडक झाली की तिच्यावर पंच चालत नाही. चालवायचाच असेल तर आधी ती पुन्हा मऊ करावी लागते.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक आकड्याचा पंच वेगळा असे. अमेरिकेच्या टाकसाळीत १८४० च्या दशकापासून चारही आकडे एकत्र असलेले जोडपंच रूढ होत गेले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. अमेरिकेत हाताने साल ठोकण्याचा काळ साधारण १९०८ पर्यंतचा. १९०९ पासून साल हबमध्येच येऊ लागलं. म्हणजे १९२० च्या अमेरिकी नाण्यावर ‘साल दोनदा ठोकलंय’ असं कुणी म्हणालं, तर नाणं न बघताही शंका घ्यायला हरकत नाही. इतर देशांत ही पद्धत वेगवेगळ्या वेळी बदलली, त्यामुळे आपल्या नाण्याच्या मालिकेची माहिती स्वतंत्रपणे काढावी लागते. ब्रिटनच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पेनी आणि कॅनडाचे १८५९ चे मोठे सेंट, दोन्हीकडे साल ठोकण्यातले फरक भरपूर सापडतात.

आता साल दोनदा का ठोकलं जायचं? पहिला घाव हलका बसला, आकडे पुरेसे खोल गेले नाहीत, म्हणून पंच परत टेकवला आणि तो केसभर सरकला. हे सगळ्यात नेहमीचं कारण. कधी पंच वाकडा बसला म्हणून जागा सुधारली. कधी गेल्या वर्षीची न वापरलेली डाय शिल्लक होती. पोलाद आणि मेहनत वाया घालवायची नाही, म्हणून जुन्या आकड्यावर नवा आकडा मारला. आणि कधी निव्वळ धांदल.

धांदल कशी वाढते याचं उत्तम उदाहरण म्हणजे १८६६ ते १८८३ मधलं अमेरिकेचं ढालीचं चित्र असलेलं पाच सेंटचं नाणं. त्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. हा मिश्रधातू इतका चिवट की डाय भराभर तडकत. तडकल्या की नव्या डाय, नव्या डाय म्हणजे पुन्हा हाताने साल. त्यामुळे या मालिकेत दुबार ठोकलेल्या सालांचा सुकाळ आहे. सराव करायचा असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगली मालिका नाही.

काय काय सापडू शकतं

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे तेच साल पुन्हा ठोकलेलं. अमेरिकेच्या १८९४ च्या इंडियन हेड सेंटवर याचा ठळक नमुना मिळतो, दुसरे आकडे सहज दिसण्याइतके सरकलेले आहेत. दुसरा प्रकार एका सालावर दुसरं साल. १८५८/७ चा उडत्या गरुडाचा सेंट, १८८७/६ चा मॉर्गन डॉलर, ब्रिटनची १८६५/३ ची पेनी ही ठरलेली नावं.

तिसरा प्रकार बघायला गमतीचा. आकडा जिथे असायला नको तिथे सापडतो. न्यू ऑर्लिन्सच्या १८४४ च्या अर्ध्या डॉलरच्या एका डायवर साल आधी इतकं वर ठोकलं गेलं की ते देवी बसलेल्या खडकात घुसलं. मग खाली योग्य जागी पुन्हा ठोकलं, पण खडकातले आकडे राहिले ते राहिलेच. इंडियन हेड सेंटवर तर नाण्याच्या कडेलगतच्या दात्यांमध्ये आकड्याचं टोक डोकावताना दिसतं. हे चुकून झालं की पोलाद पुरेसं मऊ आहे का हे बघायला मुद्दाम कडेला पंच मारून पाहिला, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला दुसरी बाजू पटते, कारण असे आकडे बऱ्याचदा दात्यांमध्ये, म्हणजे नजरेआड होतील अशा जागीच सापडतात.

उलटा पंचही आहे. १८५१ च्या मोठ्या सेंटच्या एका डायवर जोडपंच आधी डोकं खाली पाय वर असा बसला, नंतर सुलटा मारला. १८५८ च्या हाफ डाइमवरही (म्हणजे पाच सेंटच्या चांदीच्या नाण्यावर) तसंच झालं. आणि १८४६ च्या अर्ध्या डॉलरवर सहा हा आडव्या पडलेल्या सहावर ठोकलेला आहे.

शेवटी, दोनदा न ठोकलेला पण वेगळ्या वळणाचा पंच. १८७३ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचे मुख्य नाणेपाडे ए. लाउडन स्नोडेन यांनी लेखी तक्रार केली की या वर्षीचा तीन आठसारखा दिसतो. त्याची टोकं इतकी जवळ होती की लहान नाण्यांवर फरकच कळेना. मग टोकं फाकवलेल्या तीनचे नवे पंच आले. त्यामुळे १८७३ च्या अनेक नाण्यांत ‘मिटलेला तीन’ आणि ‘उघडा तीन’ असे दोन प्रकार मिळतात. ब्रिटनच्या १८६४ च्या पेनीवर चारच्या आडव्या दांडीच्या टोकाला उभी रेघ असलेला आणि नसलेला, असे दोन चार आहेत. हे प्रकार ओळखायला सोपे, म्हणून नवशिक्याने नजर बसवायला इथून सुरुवात केली तरी चालेल.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं चांगल्या काचेचं भिंग, एकच दिवा आणि खाली पसरायला मऊ कापड. एवढं पुरे. मायक्रोस्कोप हवाच असेल तर नंतर घ्या. संगणकाला जोडायचे स्वस्त मायक्रोस्कोप येतात, त्यांच्या भिंगाभोवती दिव्यांचं कडं असतं. सगळीकडून प्रकाश पडला की सावल्या मरतात आणि चकाकत्या कडांवर खोट्या दुहेरी रेघा उमटतात. नवख्यांना ‘सापडलेल्या’ व्हरायटींपैकी (व्हरायटी म्हणजे डायवरच्या फरकामुळे झालेला नाण्याचा वेगळा प्रकार) बऱ्याच अशा दिव्यांतूनच जन्माला येतात.

नाणं कडेने धरा. घासू नका, पॉलिश करू नका, टाचणीने आकड्यातली घाण काढू नका. पोटातली घाण काढण्याच्या नादात पडलेला ओरखडा पुढे कायम शंका निर्माण करत राहतो.

आता नाणं बघा

दिवा एका बाजूला, खालच्या कोनात ठेवा. नाणं भिंगाखाली धरून सावकाश पूर्ण गोल फिरवा. फिरवताना सावली जागा बदलते, धातू बदलत नाही. जी रेघ प्रत्येक दिशेच्या प्रकाशात त्याच जागी, त्याच आकाराची दिसते तीच खरी. उंचवटा आणि खळगा यांत डोळा हमखास फसतो. प्रकाश विरुद्ध बाजूने आला की ओरखडा उठावासारखा भासतो. म्हणून आधी शेजारचं एखादं अक्षर बघायचं, जे उठावाचंच आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याची सावली ज्या बाजूला पडते त्याच बाजूला आपल्या रेघेची पडते का, हे ताडून घ्यायचं. उलट बाजूला पडत असेल तर तो खड्डा आहे, नाण्याला नंतर झालेली इजा. विषय तिथेच संपला.

रेघ उठावाची ठरली की आकडा आकडा घ्या.

एकमध्ये दोन जागा: पायाचा आडवा पट्टा आणि डोक्यावरचा तिरका झेंडा. दुबार ठोकलेल्या एकच्या पायाला बहुतेक वेळा दोन थर असतात आणि दोन्ही टोकांना बारीक खाच दिसते. ती खाच फार बोलकी असते, कारण दोन वेगवेगळ्या घावांच्या कडा तिथे एकमेकांना छेदतात.

आठमध्ये कमरेकडे बघा, डावीकडून आणि उजवीकडून. मग दोन्ही पोकळ्यांच्या आत. आतली रेघ वळणाची असेल आणि गोलाला समांतर जात असेल तर आठवर आठ असण्याची शक्यता जास्त. सरळ आणि तिरकी असेल तर सातच्या पायाचा विचार करावा. सहा, नऊ आणि शून्य यांच्याही पोटात बघायचं. सहा-नऊच्या शेपटीला गोळा असेल तर त्याच्या बाजूला दुसऱ्या गोळ्याची कड शोधायची. चारमध्ये बंद त्रिकोणाच्या आत आणि आडव्या दांडीच्या उजव्या टोकाशी. सातमध्ये वरची दांडी. दोन, तीन, पाच यांत वळणांची टोकं.

आता जोडपंचाची गोष्ट आठवा. चारही आकडे एका पंचात असतील तर ते एकत्रच सरकणार. एक वर सरकलेला आणि नऊ खाली सरकलेला, असं होऊ शकत नाही, मध्ये पंच फिरला असेल तरच होईल. आणि पंच फिरला असेल तर सरकण्यात क्रम दिसायला हवा, म्हणजे एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त. समजा १८९० च्या दशकातल्या सेंटवर फक्त शेवटचा आकडा दुहेरी दिसतोय आणि बाकी तीन अगदी स्वच्छ. तसं होऊ शकतं, कारण उथळ खुणा डाय घासताना निघून जातात. पण अशा वेळी मी लगेच होकार देत नाही. सुट्या पंचांच्या काळातल्या नाण्यावर मात्र एकच आकडा दुबार असणं साहजिक आहे.

रेघेची उंचीही बघा. पहिला घाव बहुधा हलका असतो, म्हणून त्याचे अवशेष नाण्यावर मुख्य आकड्यापेक्षा ठेंगणे असतात. पेन्सिलीने लिहून पुसलं आणि त्यावर पेनने गिरवलं तर पेन्सिलीची रेघ जशी मागे फिकट राहते, तसंच काहीसं. जुनं साल मिटवायला कारागिराने डाय तिथे घासली असेल, तर नाण्यावर आकड्यांभोवतीची जागा किंचित फुगीर किंवा वेगळ्या पोताची दिसते. हा पोत दिसला की मी त्या नाण्याकडे दुप्पट वेळ बघतो.

शेजाऱ्यांची साक्ष

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. साल हाताने वेगळं ठोकलेलं असतं, अक्षरं मात्र हबमधून आलेली असतात. त्यामुळे साल दुबार ठोकलं असेल तर दुहेरीपणा फक्त सालात दिसला पाहिजे. सालाच्या जवळची अक्षरं, कडेचे दाते, चित्राची रेघ हेही त्याच दिशेला दुहेरी दिसत असतील तर कारण पंच नाही. मग डायच दोनदा दाबताना सरकली असेल किंवा नाणं पडताना डाय हलली असेल. अगदी जुन्या नाण्यांत, जिथे अक्षरंही सुट्या पंचांनी ठोकली जात, तिथे ही कसोटी तशीच्या तशी लागू होत नाही.

तोतये

पहिला आणि सगळ्यात मोठा तोतया म्हणजे यंत्राचा हलकावा. नाणं पडल्यानंतर डाय सुटताना किंचित सरकते आणि आकड्याची एक बाजू घासून सपाट करते. आकड्याच्या कडेला चपटी, चमकदार पायरी तयार होते. ती जवळजवळ सपाट जागेच्या पातळीवर असते. फरक असा ओळखा: खऱ्या दुबार ठोकण्यात आकड्याची जाडी जशीच्या तशी राहते आणि तिच्या शेजारी काहीतरी जादा दिसतं. यंत्राच्या हलकाव्यात ती पायरी आकड्याच्याच धातूतून कापलेली असते, म्हणून उरलेला आकडा बारीक होतो. तेच साल असलेलं साधं नाणं शेजारी ठेवून जाडी ताडून बघा.

दुसरा, झिजलेली डाय. हजारो नाणी पाडून डाय थकली की धातू बाहेरच्या दिशेला ओढल्यासारखा वाहतो. आकड्यांच्या कडा फुगतात, अस्पष्ट दुहेरी होतात, सपाट जागेवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. इथे खाच नसते, स्पष्ट दुसरी कड नसते, सगळं मऊ-मऊ असतं.

तिसरा, डायचा टवका. सहा, आठ, नऊ, शून्य यांच्या पोटातलं डायचं पोलाद अरुंद असतं, ते पटकन निखळतं. नाण्यावर तिथे उठावाचा ठिपका किंवा ढेकूळ येतं. उठावाचं असल्यामुळे ते पंचाचं वाटतं. पण त्याला आकड्याचं वळण नसतं, कड वेडीवाकडी असते. १८८३/२ च्या ढालीच्या नाण्याचा शोध घेताना लोक इथेच फसतात. १८८३ च्या पुष्कळ नाण्यांवर तीनभोवती टवके असतात किंवा तीनवर तीनच ठोकलेला असतो, आणि ती सगळी ‘तीनखाली दोन’ म्हणून पुढे केली जातात.

चौथा प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी नाण्यांवर अमेरिकी टाकसाळीचे खोदकार जेम्स लाँगेकर यांच्या चित्रांशी जोडला जातो. तिथे अक्षरांच्या आणि आकड्यांच्या दोन्ही बाजूंना एक ठेंगणी कड दिसते. पंच किंवा हब जरा जास्त खोल गेला की त्याचा खांदाही डायमध्ये उमटतो, ती ही कड. दोन्ही बाजूंना सारखी आणि बऱ्याच अक्षरांवर दिसली तर हेच समजा.

बाकी मग ओरखडे, गंज, धक्के आणि हातचलाखी. हातचलाखीचं गाजलेलं उदाहरण डेन्व्हरच्या टाकसाळीच्या १९१४ च्या सेंटचं. १९४४ च्या सेंटमधला पहिला चार खरवडून एक करतात. ओळख सोपी आहे: नऊ आणि एक यांच्यातलं अंतर नको तेवढं मोठं दिसतं, शिवाय लिंकनच्या खांद्यावर व्ही. डी. बी. ही चित्रकाराच्या नावाची आद्याक्षरं सापडतात. ती अक्षरं खांद्यावर आली १९१८ मध्ये, म्हणजे १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. सालाबद्दल शंका आली की नाण्याच्या बाकीच्या भागाला विचारावं, ते असं.

‘खाली दुसरं साल आहे’ म्हणण्याआधी

तेच साल दुबार ठोकलंय असं म्हणायला जेवढा पुरावा लागतो, त्याच्या कितीतरी पट पुरावा ‘खाली वेगळं साल आहे’ म्हणायला लागतो. १८६९ चा इंडियन हेड सेंट बरीच वर्षं १८६९/८ म्हणून विकला गेला. नऊखाली आठ आहे असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. नंतर नीट अभ्यास झाला तेव्हा कळलं की खाली नऊच आहे. आठ बघायची हौस असली की नऊच्या पोटातलं वळण आठचं दिसतं, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणजे फोटो एकावर एक ठेवणं. आपल्या नाण्याचा सालाजवळचा फोटो अगदी सरळ वरून घ्या. संशयित जुन्या सालाच्या स्वच्छ नाण्याचाही तसाच, त्याच मापाचा फोटो घ्या. कुठल्याही फोटो-ॲपमध्ये एक दुसऱ्यावर ठेवून वरचा अर्धपारदर्शक करा आणि सरकवा. मग स्वतःला विचारा: एकाच जागी ठेवलेला सात माझ्या नाण्यावरच्या सगळ्या जादा रेघा समजावून सांगतो का? दांडीचं टोक एका जागी बसतंय, पण पाय बसवायला तो फिरवावा लागतोय, असं झालं तर ते साल खाली नाही. जोडपंचाच्या काळात तर आधीच्या सालाचे बाकीचे आकडेही त्याच हालचालीत जवळपास जुळायला हवेत.

याचबरोबर आपल्याच सालाचं साधं नाणंही वर ठेवून बघा. ‘नऊवर नऊ’ने सगळं सुटत असेल तर ‘नऊवर आठ’ म्हणायचं कारण उरत नाही.

१९०९ नंतरचं काय?

अमेरिकेच्या १९१८/७ च्या डेन्व्हरच्या बफेलो निकेलवर (पाच सेंटचं नाणं), १९४२/१ च्या डाइमवर (दहा सेंटचं नाणं) आणि १९४३/२ च्या फिलाडेल्फियाच्या पाच सेंटवर एका सालाखाली दुसरं साल स्पष्ट दिसतं. पण तिथे हाताने काहीच ठोकलेलं नाही. तेव्हा हबचा ठसा पूर्ण उतरायला डाय एकापेक्षा जास्त वेळा दाबावी लागे, मध्ये तापवून मऊ करत. वर्ष संपत आलं की दोन्ही सालांचे हब टाकसाळीत एकाच वेळी असत. एका दाबाला जुन्या सालाचा, दुसऱ्याला नव्या सालाचा हब लागला की झालं. अशा नाण्यांवर सालाबाहेरही दुहेरीपणा सापडू शकतो, म्हणून वरची शेजाऱ्यांची कसोटी इथे उलटी वाचायची.

या काळात हाताने ठोकलेलं जे उरलं ते मिंट मार्क, म्हणजे टाकसाळीचं अक्षर. अमेरिकेत ते १९८० च्या दशकाअखेरपर्यंत बऱ्याच डायवर हातानेच ठोकत होते. तुमच्याकडे विसाव्या शतकातली नाणी जास्त असतील तर सालाऐवजी तिथे भिंग लावा. पद्धत हीच.

दुसरं नाणं हवं

एका डायमधून हजारो नाणी पडतात. म्हणून खरी व्हरायटी एकटी नसते, तशीच आणखी नाणी कुठेतरी असतात. दुसऱ्या नाण्यावर तीच रेघ, त्याच जागी सापडली की ओरखडा, गंज, हातचलाखी हे सगळे एका फटक्यात बाद होतात. यंत्राचा हलकावाही मागे पडतो, कारण तो नाण्यागणिक बदलतो. टवका मात्र बाद होत नाही, तो डायवरच असतो.

दोन नाणी एकाच डायची आहेत हे ठरवायला सालापासून दूरच्या खुणा धरा: डायवरची तड, घासल्याच्या रेघा, दात्यांच्या संदर्भात एकच्या पायाची नेमकी जागा. एकच्या पायाचं डावं टोक दात्याच्या मध्यावर येतं की दोन दात्यांच्या मधल्या फटीवर, हे लिहून ठेवलं तर पुढे तुलना चुटकीसरशी होते. साल हाताने ठोकल्यामुळे दोन डायमध्ये ही जागा तंतोतंत सारखी क्वचितच पडते.

डायच्या वयाचा हिशेबही ठेवा. १८५८/७ च्या सेंटवर डाय नवी असताना पाडलेल्या नाण्यांत दुसऱ्या आठच्या वर उजवीकडे सातचं टोक दिसतं. डाय झिजत गेली तसं ते जवळजवळ नाहीसं झालं. पण पहिल्या आठच्या वरच्या सपाट जागेतला एक बारीक ठिपका आणि गरुडाच्या पंखाचं तुटलेलं टोक, या खुणा डायची ओळख पटवतात. नुसतं पंखाचं टोक तुटलेलं बघून हुरळू नका, ते इतर डायवरही आढळतं. अशा नाण्यावर सात दिसत नसला तरी डाय तीच असते. मात्र संग्राहक मान देतात तो सात दिसणाऱ्यालाच, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

नोंद आणि विचारणा

फोटो तीन तरी हवेत: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू आणि सालाचा जवळून काढलेला. सालाचा फोटो दोन वेगळ्या दिशांच्या प्रकाशात काढला तर समोरच्याला सावली आणि धातू वेगळा करता येतो. फोटोवर लाल बाण आणि वर्तुळं काढायची असतील तर त्याची एक कोरी प्रतही द्या. बाणामुळे बघणाऱ्याची नजर आधीच एका बाजूला झुकते. विचारतानाही ‘हे १८८८/७ आहे ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘शेवटच्या आठच्या पायथ्याशी डावीकडे उठाव दिसतो, तो कशाचा असेल?’ असं विचारलं की उत्तर जास्त कामाचं येतं.

पाकिटावर लिहायची नोंद थोडक्यात अशी: देश, किंमत, साल, टाकसाळ. मग कोणता आकडा, कुठल्या बाजूला सरकलेला (उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम ही भाषा कॅटलॉगमध्येही चालते), शेजारची अक्षरं स्वच्छ की दुहेरी, एकच्या पायाची दात्यांपाशी जागा, डायवरच्या इतर खुणा. कॅटलॉगमधल्या नोंदीशी सगळं जुळलं तरच तिथला क्रमांक लिहा. एक खूण जुळते आणि दुसरी जुळत नाही, असं असेल तर क्रमांक लिहू नका.

आणि निकालाच्या जागी तीनच शब्द वापरा: नक्की, शक्य, नाही. सुरुवातीच्या काळात ‘शक्य’ची पाकिटं सगळ्यात जास्त भरतील. ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्याच सालाचं नवं नाणं हाती आलं की आधी त्या डब्यातल्या नाण्याशेजारी धरा.